वेगळे राहिलात म्हणून मालमत्ता वाटली जात नाही

नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘घटस्फोटाची भानगड कशाला? दोन वर्षे वेगळे राहिले की लग्न सुटतेच. 500च्या स्टँपवर फारकतनामा करा, नोटरी करा. निम्मी मालमत्ता बायकोची, मग एकमेकांवर हक्क संपला.’ हिंदू विवाह कायद्याखालच्या जोडप्यांपुरते बोलतो. त्यांच्यासाठी यातले एकही वाक्य धड नाही.

दोन वर्षे सोडून जाणे हे घटस्फोट मागायचे कारण आहे, घटस्फोट नव्हे. कलम 10 खाली न्यायिक विभक्ततेचा, म्हणजे लग्न कायम ठेवून वेगळे राहण्याचा, कोर्टाचा हुकूम घेतला तरी नाते कायम राहते. त्यानंतर वर्षभर एकत्र आला नाहीत, तर दोघांपैकी कोणीही घटस्फोटासाठी अर्ज करू शकतो. अर्ज मात्र करावाच लागतो. काही समाजांत काडीमोडाची रूढी आहे आणि कलम 29 तिला मान्यता देते, पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ टाइप केलेला कागद म्हणजे रूढी नव्हे.

‘निम्मे’ आले कुठून? गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, तिथे पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामाईक धरतात. शिवाय 2013 मध्ये राज्यसभेने घटस्फोटाच्या वेळी पत्नीला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देणारे विधेयक मंजूर केले होते. ते लोकसभेत अडकले आणि बारगळले. महाराष्ट्रात आजही मालकी कोणाची हेच पाहतात. पाथर्डी फाट्याचा फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर दोघांचा, आणि कर्जावर दोघांच्या सह्या असतील तर बँक दोघांकडेही वसुली करू शकते, कोण कुठे राहते हे ती विचारत नाही. दिंडोरीतली द्राक्षबाग नवऱ्याने स्वतः घेतली असेल तर ती त्याची. वडिलोपार्जित असेल, तर नवरा आणि मुलगे यांच्यात वाटणी होताना बायकोला मुलाइतका हिस्सा मिळतो, पण ती स्वतःहून वाटणी मागू शकत नाही. हा अन्याय वाटतो, मलाही वाटतो, पण मेसेजने तो दूर होत नाही. स्त्रीधन, म्हणजे तिला मिळालेले दागिने-भेटवस्तू, मात्र पूर्ण तिचे. ते अडवून ठेवणे हा गुन्हा ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगितले आहे.

नोटरीने सही कोणाची ते पटते, घर कोणाचे ते बदलत नाही. फ्लॅट किंवा जमीन दुसऱ्याच्या नावावर करायची तर दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला दस्तच लागतो. राहते घर किंवा शेतजमीन जोडीदाराला बक्षीसपत्राने द्यायची असेल, तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे (अधिभार, नोंदणी वेगळी). मग पैसे वाचवायला नोटरी कशाला?

‘हक्क संपला’ हे सर्वांत घातक. घटस्फोट झालेला नाही, म्हणजे मृत्युपत्र न करता नवरा गेला, तर मुले आणि आई यांच्याबरोबर बायकोही वारस. ती गेली तर मुलांबरोबर नवरा वारस, मग तो दहा वर्षे फिरकला नसला तरी. तसे नको असेल तर दोघांनी आपापले मृत्युपत्र करून ठेवावे.

आणि त्या तयार मसुद्यात ‘परस्पर संमतीने वेगळे राहत आहोत’ असे हमखास असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली पोटगी मागायला गेले की समोरचा वकील नेमके तेच वाक्य दाखवतो, कारण संमतीने वेगळे राहणाऱ्या पत्नीला त्या कलमाखाली पोटगी मिळत नाही. त्रास झाला म्हणून घर सोडले असेल तर कागदावर तसेच लिहा, नाहीतर सही करू नका.