व्हिडिओ टाका, पण बियाण्याची पिशवी फेकू नका

पेरण्या जवळ आल्या की आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आता प्रत्येक जण पत्रकार आहे, पेपरवाल्यांची गरज संपली. जो व्हिडिओ काढतो तोच त्याचा मालक. यूट्यूब घरबसल्या पैसे देतं. आणि बियाणं बोगस निघालं तर कोर्टकचेरी करू नका, व्हिडिओ टाका, कंपनी पाय धरत येईल. चारही गोष्टींत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच मजकूर पटतो. पण शेवटच्या सल्ल्यापायी कास्तकार हक्काच्या पैशाला मुकू शकतो, आणि ते मला गप्प बसून पाहवत नाही.

प्रत्येक जण पत्रकार? 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. त्याआधी मोबाईलवर तशा अफवा फिरत होत्या. पुढे पाठवणाऱ्या कोणीही एक फोन करून विचारलं नाही. विचारून, तपासून मग लिहिणं हे काम आहे, आणि ते मोबाईल विकत घेतल्याने येत नाही.

मालकीचं प्रकरण मोठं आहे. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस सुरू होतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसाच्या नाट्य मंडळांची नाटकं रात्रभर चालतात, तिकीट काढून गाव पाहतं. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. पण कलावंताचं पोट अजून त्या तिकिटावरच आहे. पुढच्या रांगेत बसून कोणी अख्खं नाटक मोबाईलवर उतरवतो, सकाळी चॅनलवर चढवतो आणि म्हणतो, ‘व्हिडिओ माझा.’ नाही भाऊ. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रयोगाचं चित्रण करू द्यायचं की नाही हे ठरवणं कलावंताच्या हातात आहे, आणि हा हक्क 50 वर्षं टिकतो. नाटक लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर आणखी 60 वर्षं राहतो. घरी स्वतः पाहायला प्रयोग टिपला तर कलावंताच्या हक्काला बाधा येत नाही, एवढी सूट कायद्यात आहे. चॅनलवर टाकायला ती लागू नाही.

स्वतःच्या वावरातला, स्वतःच्या तोंडचा व्हिडिओ मात्र तुमचाच. इथे मजकूर खरा बोलतो. पण तो यूट्यूबवर चढवताना आपण कंपनीला जगभर, फुकटात वापरायची परवानगी देऊन बसतो, आणि चॅनल बंद करायचं बटण तिच्याकडेच राहतं. म्हणून मूळ फाईल जपून ठेवा. तुमचा व्हिडिओ कोणी जसाच्या तसा उचलला तर तक्रारीला ती कामी येते. झाडीपट्टीच्या लेखकांनाही एक विनंती आहे: नाटक चॅनलला द्यायचं तर कागद करा. हक्क तोंडी देता येत नाहीत, ते लेखी आणि सहीनेच द्यावे लागतात. कागदात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती 5 वर्षांची धरतो.

घरबसल्या पैशाचं गणित छोटं आहे. जाहिरातीतला वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास पाहणं लागतं. सहा मिनिटांचा व्हिडिओ 40,000 वेळा शेवटपर्यंत पाहिला गेला तर ते 4,000 तास भरतात. त्यानंतर साध्या व्हिडिओला जाहिरातीचे 55 टक्के, शॉर्ट्सला 45 टक्के. कोणी त्यावर घर चालवत असेल तर मला आनंदच आहे, पण त्या भरवशावर वावर पडीक टाकू नका.

आता बियाणं. 2020 च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही. अशा वेळी पेरलेल्या पण रिकाम्या राहिलेल्या ओळींचे व्हिडिओ उपयोगी पडतात, कारण आपल्या एकट्याचंच नशीब फुटलेलं नाही हे कळतं. पण बियाणं कोणत्या लॉटचं (कंपनीच्या कोणत्या साठ्यातलं), कोणत्या कृषी केंद्रातून आणि कधी घेतलं, हे व्हिडिओ सांगत नाही. सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के असावी असा निकष आहे. ती प्रत्यक्षात किती झाली हे मोजून लिहिणारा पंचनामा लागतो. त्यासाठी पंचायत समितीच्या कृषी विभागात लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, मग तालुक्याची तक्रार निवारण समिती वावरात येऊन पाहते. आपली चूक इथेच होते. व्हिडिओ टाकला, शंभर जणांनी पाहिला, आणि दुबार पेरणीच्या घाईत दुसऱ्या दिवशी वखर फिरवला. समितीने येऊन पाहायचं काय?

कंपनी पाय धरत येईल म्हणतात. आली तरी ज्याचा व्हिडिओ चालला त्याच्याकडे येईल, चार पिशव्या बदलून देईल, व्हिडिओ काढून टाकायला सांगेल. त्याच लॉटचं बियाणं पेरलेल्या शेजाऱ्याला काय मिळालं? बिल हातात नसताना दुकानाचं नाव घेतलं तर उलट बदनामीची नोटीस येऊ शकते.

शेतकरी हा ग्राहक आहे आणि बियाण्यासाठी तो ग्राहक मंचाकडे (आताच्या ग्राहक आयोगाकडे) जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच सांगितलं आहे. 2019 च्या ग्राहक कायद्याने तर आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी हैदराबादची असली तरी तक्रार चंद्रपुरात चालते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. सुरुवातीला विचारपूस करायला 1915 हा क्रमांक आहे.

यंदा पेरणीच्या दिवशी व्हिडिओ जरूर काढा. आधी पिशवीवरच्या टॅगचा काढा, लॉट नंबर वाचता येईल असा. मग पक्क्या बिलाचा. आणि मूठभर बियाणं त्याच पिशवीत ठेवून ती आढ्याला टांगा, पऱ्हाटी (कापूस)-सोयाबीन घरात येईपर्यंत.