पाण्यातला ऑक्सिजन कोणाचा?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

सकाळी भाची आली चोपड्याहून. यंदा एफवायबीएस्सीला आहे. सेंद्रिय रसायनशास्त्राचं नवंकोरं पुस्तक पुढ्यात ठेवून म्हणाली, "मामा, पहा बरं कसं आहे." साडेचारशे रुपये! मी थेट एस्टरचं, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल मिळून होणाऱ्या संयुगाचं, पान उघडलं.

ही खोड आमच्या सरांनी लावलेली. १९९६ साली त्यांनी परीक्षानळीत आयसोअमाइल अल्कोहोल, ॲसिटिक आम्ल आणि सल्फ्युरिकचे थेंब घालून नळी गरम पाण्यात धरली. थोड्या वेळात वर्गभर पिकल्या केळ्यांचा वास. मागून एकजण ओरडला, "सर, हाऊ वास ते आमना घरमा बी शे!" सर हसले. म्हणाले, "एस्टर होताना पाणी सुटतं. त्यातला ऑक्सिजन आम्लाचा की अल्कोहोलचा?" आणि निघून गेले. चार दिवस उत्तर दिलं नाही. चार दिवस आम्ही एसटी स्टँडवर त्यावरून भांडत होतो.

भाचीच्या पुस्तकात अर्धं पान केळीचं रंगीत चित्र, खाली समीकरण, पाणी बाहेर, संपलं. ऑक्सिजन कोणाचा, एक अक्षर नाही! अरे, अल्कोहोलमध्ये जड ऑक्सिजन (जरा जास्त वजनाचा, म्हणून माग काढता येणारा) घालून १९३८ सालीच दाखवून झालंय की तो एस्टरमध्येच राहतो, पाण्यातला आम्लाकडचा असतो. आम्लाच्या कार्बोनिलवर, म्हणजे कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेल्या ऑक्सिजनवर, प्रोटॉन बसला की तिथला कार्बन इलेक्ट्रॉनसाठी जास्तच वखवखतो, मग अल्कोहोलचा ऑक्सिजन आपली जोडी घेऊन त्याला भिडतो. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारे चार बाण काढायला शाई किती लागते?

बाण सापडले. नवव्या प्रकरणात! तोवर पोरांनी नुसतं घोकायचं. मार्कोव्हनिकॉव्हचा नियम चौकटीत: दोन कार्बनमधल्या दुहेरी बंधावर आम्ल जोडताना ज्या कार्बनवर हायड्रोजन जास्त, तिकडेच नवा हायड्रोजन. का? तर नियम आहे म्हणून. वाटेत तयार होणारा कोणता कार्बोकॅटायन (धन प्रभार असलेला कार्बन) जास्त टिकाऊ, एवढं सांगितलं तर चौकट लागतेच कशाला?

आणि तो रसायनशास्त्रज्ञ वोलरचा १८२८ चा युरिया, पहिल्याच पानावर. अमोनियम सायनेट तापवलं, युरिया झाला, टाळ्या. अणू तेच नि तेवढेच, फक्त जोडणी बदलली, हे सांगायचं राहिलंच. युरियाची गोणी हिच्या ओसरीत पडलेली असते हो!

नामकरणाची उदाहरणं चांगली आहेत, मान्य. परीक्षेत तेच विचारतात, तेही मान्य.

भाचीला विचारलं, सांग, पाण्यातला ऑक्सिजन कोणाचा? म्हणे, "कसाले इचारतस मामा? पाठ करी लिसू." हसलो, पण पोटात तुटलं. ही पोर केळीचं पान बघून सांगते, पाणी कमी पडलंय की खत. तिला "का" विचारता येत नाही असं थोडंच आहे? तिला कोणी चार दिवस भांडू दिलं नाही, एवढंच.

रागाच्या भरात म्हटलं, चल, पुस्तक परत करून येऊ. ते होणार नाही. बहिणीने पहिल्या पानावर नाव घालून हळदकुंकू वाहिलंय.