नाव बदला असं कुणी म्हटलं होतं का?

माझे ५,००० रुपये अडकलेत. अनामत. आमच्या हौशी ग्रुपनं नाटकाच्या प्रयोगासाठी थेटर बुक केलं तेव्हा भरलेली. प्रयोग झाला, एक खुर्ची मोडली नाही, पडद्याला चीर गेली नाही, रात्री साडेअकराला नेपथ्याची शेवटची फळी टेम्पोत चढवून आम्ही बाहेर. आज ऑफिसात चौथी खेप झाली. का, तर पावतीवर थेटर चालवणाऱ्या संस्थेचं जुनं नाव आहे आणि चेकबुक नव्या नावाचं आलंय!

मधल्या काळात या संस्थेनं म्हातारपणी बारसं उरकून घेतलं. सोलापुरातली दोन जुनी नाट्यगृहं चालवणारी संस्था, आजोबांच्या काळापासून एकच नाव. पुण्याहून म्हणे कुणी ब्रँडिंगवाले आले, प्रोजेक्टर लावला आणि सांगितलं, 'नाट्य' आणि 'मंडळ' हे शब्द तरुणांना जड जातात. झालं. दोन्ही शब्द उडवले, त्या जागी 'आर्ट्स', 'हब' असलं काहीतरी चिकटवलं. वर लोगो, जो मला पालथ्या कपबशीसारखा दिसतो. (मुलगी म्हणते तो मुखवटा आहे. असेल बाई.)

जड जातात? 'हुतात्मा स्मृती मंदिर' हे नाव या गावात कुठल्या पोराला जड गेलं? मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ ला चौघं येरवड्यात फासावर गेले, त्यांच्या नावाचं थेटर आहे ते. पोरं 'स्मृती मंदिरला प्रयोग आहे' म्हणतात आणि येतात. चार हुतात्म्यांच्या चौकाचं 'चार पुतळा' गावानंच केलं, त्याला सल्लागार लागला नाही.

या संस्थेच्या थेटरातल्या तक्रारवहीत मी वर्षानुवर्षं लिहितोय. बायकांच्या मेकअप रूमला आतून कडी नाही, पोरी आळीपाळीनं दार धरून उभ्या राहतात. तिसऱ्या रांगेवरचा पंखा नेमका शांत प्रसंगातच कुरकुरतो. दिवे हळूहळू उजळवणाऱ्या डिमरची दोन चॅनेलं मेलेली, त्यामुळे आमच्या नाटकात पहाट होतच नाही, काळोखातून थेट भर दुपार. संडासाचा वास पहिल्या अंकातच विंगेत एंट्री घेतो. ती वही मी पुढून मागून चाळलीय. 'नाव बदला' असं एका माणसानं लिहिलेलं नाही. त्या इमारतीत धडपणे चालणारी एकच वस्तू होती, नाव. नेमकी तीच बदलली.

आणि नाव बदलायलाच माझा विरोध आहे, असंही नाही. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरचं १९५७ साली केशवराव भोसले नाट्यगृह झालं. शाहू महाराजांनी बांधलेली वास्तू, तिला कोल्हापूरच्याच गायकनटाचं नाव. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळालं तेव्हा कलाकार ढसाढसा रडले. उद्या 'हब' जळाला तर कोण रडणार आहे?

परवा रिक्षावाल्याला मुद्दाम नवं नाव सांगितलं. तो म्हणाला, "कुठं आलं ओ ते? कॉल सेंटर हाय काय?"

सगळ्यात डोकं कशानं फिरतं सांगू? यांच्या वेगानं. नाव बदलणं काय गंमत नाही. ठराव करा, धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत बदल अर्ज टाका, मग पॅन, मग बँक, मग लेटरहेड, शिक्के, बोर्ड. एवढं सगळं कार्यकारिणीनं पळत पळत केलं. हीच ती कार्यकारिणी, जी कडीचा विषय निघाला की 'पुढच्या मीटिंगला घेऊ' म्हणते. तीन वर्षं झाली त्या पुढच्या मीटिंगला.

तर आजची चौथी खेप. क्लार्क बिचारा भला माणूस आहे, त्याच्यावर राग नाही. त्यानं चहा पाजला आणि हळूच म्हणाला, "सर, ५०० च्या स्टँपवर लिहून द्या ना, की जुनी संस्था आणि नवी संस्था एकच आहे."

मी लिहून द्यायचं! नाव यांनी बदललं, आणि हे तेच आहेत याची हमी मी घ्यायची, तीही स्वतःच्या पाचशे रुपयांच्या स्टँपवर. माझेच पाच हजार परत मिळवायला!

देतो बाबा, देतो. उद्या स्टँप घ्यायला जातोच आहे, तर येताना मधल्या मारुतीच्या बाजारातून एक कडी आणि चार स्क्रू पण घेऊन येतो. पेचकस घरचा आहे. फक्त दुकानदाराला बिल कुठल्या नावानं करायला सांगू, तेवढं त्यांनी मीटिंग घेऊन कळवावं.