डिप्पर दिला तरी अप्परच

घाटात समोरून पांढराफटक उजेड येतो. आपण दोनदा डिप्पर मारतो, तिसऱ्यांदा त्याच्या खानदानाची आठवण काढतो. पण मला हल्ली त्या माणसाची कीवच येते, कारण पुष्कळदा तो बिचारा डिप्परवरच असतो. फक्त त्याच्या गाडीत डिप्पर शिल्लक राहिलेला नसतो. जुना बल्ब काढून एलईडी बसवला, तेव्हा तो अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात राहून गेलेला असतो.

आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत एच-४ बल्ब असतो. तीन पिना, दोन फिलामेंट, अप्परला ६० वॅट, डिप्परला ५५. डिप्परच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते आणि सगळी गंमत तिच्यात आहे. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर उतरतो. रिफ्लेक्टर घडवलेला असतो तो त्या बारीक तारेच्या जागेसाठी, तोही मिलिमीटरच्या हिशोबाने. एलईडी घातला की तारेच्या जागी जाड पट्टी येते, दोन्ही अंगांना चिपा. उजेड भरपूर निघतो, पण जातो मनाला येईल तिकडे: वडाच्या शेंड्यावर, समोरच्याच्या डोळ्यांत. चिपांची तोंडं डावी-उजवीकडे हवीत. दुकानातला पोऱ्या घाईत वर-खाली करतो, मग बघायलाच नको. एलईडीला थंड ठेवणारा मागचा पंखा हेडलाईटच्या रबरी टोपीत मावत नाही म्हणून टोपी कापतात, आणि पावसाळ्यात हेडलाईटच्या आत दव साचलं की कंपनीच्या नावाने खडे फोडतात.

शिवाय गाडीच्या नाकासमोरचा रस्ता लख्ख उजळला की आपल्याच डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि लांबचं दिसेनासं होतं. मालक मात्र खूश. कोकणातल्या ओल्या डांबरावर निळसर पांढऱ्याचा तसाही फारसा उपयोग नाही.

हे एलईडी बसवणं कायदेशीर आहे का, असं दुकानदाराला विचारा. "साहेब, सगळेच लावतात." केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६वा नियम डोळे दिपण्याबद्दलच आहे. दिव्यासमोर ८ मीटरवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला दिपता कामा नये, असं तो म्हणतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी फारकत घेणारा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-अ मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही सांगतं. दोन दिवे म्हणजे एक बदल की दोन, हा वाद हवालदाराशी ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर घालावा.

मग हॅलोजनच, पण १००/९० वॅटचा? ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो, ९० वॅटचा साडेसात. जोडी लावली की मूळची वायर आणि स्टिअरिंगवरचा स्विच तापतो, होल्डर वितळतो, वास आधी येतो. रिले, म्हणजे बॅटरीचा करंट स्विचमधून न नेता थेट दिव्याला देणारा खटका, टाकून वायर वाचते, पण रिफ्लेक्टरचा मुलामा मात्र करपायचा तो करपतोच.

बरं, खरं दुखणं अनेकदा बल्बात नसतंच. मल्टिमीटर घ्या, इंजिन चालू ठेवून आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजा. मध्ये दहा टक्के गळती असेल तर हॅलोजनचा जवळपास तीस टक्के उजेड गेलेला असतो. अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीला टेकलेली वायर, घासून साफ करा. नाहीतर बॅटरीजवळ फ्यूज घालून रिलेवाटे जाड वायर आणा आणि बल्ब ६०/५५ चाच ठेवा. पिवळी पडलेली काच १०००, २००० आणि ३००० च्या पॉलिश पेपरने पाणी मारत घासा, वरून उन्हापासून वाचवणारा यूव्ही कोट द्या. कोट टाळला तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी.

शेवटी फोकस. टायरमध्ये हवा बरोबर भरा, चालक सीटवर बसवा, गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. डिप्परची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली यायला हवी. नेमका उतार बऱ्याच गाड्यांच्या दिव्यावरच छापलेला असतो. डिकीत आंब्याच्या पेट्या आणि मागे सासरची मंडळी असतील तर गाडीचं नाक वर होतं. त्यासाठी स्टिअरिंगजवळ ०, १, २, ३ लिहिलेली चकती असते. आकडा वाढवला की उजेड खाली उतरतो. लोक मात्र उजेड वाढेल म्हणून ती ३ वर नेतात आणि काहीच दिसत नाही म्हणत एलईडी घ्यायला जातात.