‘सुपर रेट्रो पीसी’ फॉरवर्डचा पंचनामा

सध्या एक फॉरवर्ड फिरतंय: “पॉवरफुल रेट्रो गेमिंग पीसी बनवा! लेटेस्ट प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, १ टीबी डिस्क आणि आरटीएक्स कार्ड घ्या, त्यावर विंडोज ९८ किंवा एक्सपी टाका, जुने गेम बुलेटसारखे पळतील. अँटिव्हायरस नको, कारण जुन्या विंडोजसाठी आता कुणी व्हायरस लिहीत नाही. नव्या विंडोजवर जुने गेम चालतच नाहीत. बजेट नसेल तर भंगारातला कोणताही बोर्ड चालेल.” खाली आगीचे इमोजी.

सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या माझ्या भाच्याने हे वाचलं आणि थेट रॅम मागवली. ‘मामा, रविवारी येऊन ९८ टाकून दे.’ तो रविवार समजूत काढण्यात गेला. पुन्हा पुन्हा तेच बोलायची ताकद नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

सगळ्यात अचाट मुद्दा रॅमचा. मायक्रोसॉफ्टचाच एक सपोर्ट लेख आहे, क्रमांक २५३९१२. तो वाचला असता तर हे फॉरवर्ड जन्मालाच आलं नसतं. विंडोज ९८ मध्ये डिस्क कॅश (डिस्कवरचा डेटा पटकन मिळावा म्हणून रॅममध्ये ठेवलेली प्रत) सांभाळणारा व्हीकॅश नावाचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या आतला छोटा प्रोग्राम असतो. मशीन सुरू होताना तो रॅम बघतो आणि त्या हिशेबाने स्वतःसाठी मेमरीचे पत्ते अडवून ठेवतो. हे पत्ते ३ ते ४ जीबीच्या पट्ट्यातले, आणि सिस्टीमची बाकीची कामंही त्याच पट्ट्यातून भागवायची असतात. रॅम जितकी जास्त, तितकी व्हीकॅशची हाव मोठी. ५१२ एमबीच्या वर गेलात की बाकीच्यांना जागा उरेनाशी होते, आणि साधी डॉस विंडो उघडायला गेलं तरी ‘आउट ऑफ मेमरी’ येतं. रॅम जास्त झाली म्हणून मेमरी संपली! त्यावर मायक्रोसॉफ्टचा उतारा काय? सिस्टम डॉट आयएनआय फाइलमध्ये मॅक्सफाइलकॅश, म्हणजे या कॅशची कमाल मर्यादा, ५१२ एमबीवर किंवा त्याखाली बांधा, नाहीतर एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या टूलमध्ये जाऊन विंडोजला ५१२ एमबीच रॅम दाखवा. ज्यांनी ९८ बनवलं तेच म्हणतायत की रॅम लपवा, आणि आमचे फॉरवर्डवाले ३२ जीबी लावा म्हणतायत. एक्सपीचं नेहमीचं ३२ बिट व्हर्जन त्यापेक्षा बरं, पण ४ जीबीपुढचं त्यालाही दिसत नाही; हाती लागते साधारण सव्वातीन.

कार्डाचं तेच. आरटीएक्सला, म्हणजे एनव्हिडियाच्या नव्या ग्राफिक्स कार्डांना, ना ९८ चा ड्रायव्हर आहे, ना एक्सपीचा. ९८ समजा कसंबसं चढलंच, तर ते महागडं कार्ड ६४० बाय ४८० आणि १६ रंग दाखवत बसेल. एनव्हिडियाचा ९८ साठीचा पाठिंबा जीफोर्स ६ मालिकेवर संपला, एक्सपीचा जीटीएक्स ९६० च्या आसपास. एक्सपीसाठी दांडगं मशीन हवंच असेल तर इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह किंवा आय-सेव्हन, ४ जीबी रॅम आणि ते ९६०. ९८ साठी पेंटियम ३ किंवा अॅथलॉन एक्सपी (हा एएमडीचा प्रोसेसर, विंडोज एक्सपी नव्हे), जीफोर्स ४ आणि ५१२ एमबी. पॉवर दाखवायची ती एवढ्यात. प्रोसेसर दोन कोअरचा घ्या नाहीतर सोळाचा, ९८ एकच वापरतं. डिस्कही १३७ जीबीच्या आतलीच लावा. त्यापुढे ९८ चा मूळ आयडीई (डिस्क चालवणारा) ड्रायव्हर डेटाची वाट लावतो.

आता ज्याने माझं डोकं फिरलं तो मुद्दा: ‘व्हायरस कुणी लिहीत नाही.’ नवा लिहायची गरजच काय? ९८ चा सपोर्ट ११ जुलै २००६ ला संपला, एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ ला. त्यानंतर सापडलेली भोकं तशीच उघडी आहेत आणि त्यांतून शिरायचं कसं हे जगजाहीर आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस आला तेव्हा मेलेल्या एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टला पॅच काढावा लागला. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाच्या भोकासाठी पुन्हा. धोका नसता तर त्यांनी हा खटाटोप कशाला केला असता? वॉनाक्रायचा मोठा फटका विंडोज ७ ला बसला हे खरं, पण त्यामुळे एक्सपी सुरक्षित ठरत नाही. भाचा ते मशीन ज्या राउटरला जोडणार होता, त्याच राउटरवर ताई नेट बँकिंग करते. रेट्रो मशीनला इंटरनेट द्यायचं नाही. लॅन केबल नाही, वायफायचा डोंगल नाही. फायली पेन ड्राइव्हने किंवा सीडीने न्या, त्याही नव्या पीसीवर स्कॅन करून.

‘नव्या विंडोजवर चालत नाहीत’ यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. सेफडिस्क या नक्कल रोखणाऱ्या कॉपी प्रोटेक्शनच्या सीडी विंडोज १० वर चालत नाहीत, आणि सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने व्हिस्टा, ७ आणि ८ वरही सेफडिस्कचा ड्रायव्हर बंद केला. जुन्या बऱ्याच गेमचे इन्स्टॉलर १६ बिट आहेत, ते ६४ बिट विंडोज उघडतच नाही. व्हिस्टापासून डायरेक्टसाउंडचं (विंडोजमधल्या गेमच्या आवाजाच्या यंत्रणेचं) हार्डवेअर अॅक्सिलरेशन गेलं, त्यामुळे साउंड ब्लास्टरच्या ईएएक्सचा घुमणारा आवाज सहजासहजी मिळत नाही. त्या आवाजासाठी एक्सपीचं वेगळं मशीन बांधणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. पण ‘चालतच नाहीत’ ही थाप. डॉसचे गेम डॉसबॉक्स या प्रोग्रामवर मजेत चालतात, ग्लाइडवाले (जुन्या व्हूडू ग्राफिक्स कार्डांसाठी लिहिलेले) डीजीव्हूडूवर, आणि दोन्ही फुकट. उलट काही डॉस प्रोग्राम वेगवान प्रोसेसरवर ‘रनटाइम एरर २००’ देऊन तिथंच बसतात, कारण वेग मोजायच्या नादात त्यांचा भागाकार फुटतो.

राहिला भंगारातला बोर्ड. सांगलीत तर हे फारच जपून. २०१९ आणि २०२१ च्या पुरात किती दुकानं आणि ऑफिसं पाण्याखाली गेली ते आपण पाहिलंय. धुऊन-वाळवून विकायला ठेवलेला बोर्ड वरून चकचकीत दिसतो. स्लॉटच्या आत गाळाचे डाग आहेत का, कपॅसिटरची डोकी फुगली आहेत का, ते उजेडात नेऊन बघा. आणि एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याच्या, लेबलवर ५ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. अॅथलॉन एक्सपीच्या काळातले बरेच बोर्ड प्रोसेसरची वीज त्या लाइनीवरून ओढतात, आणि आजचे एसएमपीएस सगळा जोर १२ व्होल्टवर देतात, त्यामुळे ५ व्होल्टचा आकडा तोकडा पडू शकतो.