'यात ख्रिस्त कुठे आहे?' : एका विश्वासी वाचकाला उत्तर

सलाम.

शेजारच्या अक्कांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही 'एक विश्वासी' एवढीच सही करून लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत. ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भिंतीला भिंत लावून एक लिंगायत कुटुंब राहतं. संक्रांतीला त्यांच्याकडून येणारं ताट, नाताळात आमच्याकडून जाणारा डबा आणि माझ्या सासूबाईंच्या आजारपणात अक्कांनी केलेली सोबत, एवढंच त्यात होतं. तुमचे आक्षेप असे: शेजारधर्म सगळेच पाळतात, मग या लेखात ख्रिस्त कुठे आहे? इतक्या वर्षांत अक्कांना सुवार्ता (ख्रिस्ताचा शुभसंदेश) सांगितली नाहीत, ही भीती आहे, तिला प्रेम म्हणू नका. मूर्तीला वाहिलेलं विश्वासी माणसाने खाऊ नये. 'टिळकांनी (म्हणजे ख्रिस्ती झालेल्या कवी नारायण वामन टिळकांनी) प्रभूसाठी घरदार सोडलं, तुम्हाला एक ताट सोडवत नाही.' आणि शेवटी, लेखासोबतचा बाराबंदीतल्या (जत्रेत घालतात त्या बंदांच्या पांढऱ्या अंगरख्यातल्या) मुलाचा फोटो काढून टाका.

सूर कडक आहे, पण लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलाय. 'छान लिहिलंय ताई' म्हणून पुढे सरकणाऱ्यांपेक्षा मला हे परवडतं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी खाण्याचं, कारण ते लवकर आटपेल. गड्ड्याची जत्रा, म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वरांची संक्रांतीतली यात्रा, आली की अक्कांच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. त्यांच्याकडचे पुरुष पांढरी बाराबंदी घालून सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांबरोबर (मिरवणुकीतल्या उंच, सजवलेल्या काठ्यांबरोबर) जातात, बायका भोगीच्या आदल्या दिवसापासून तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या आणि शेंगापोळ्यांच्या मागे असतात. या सगळ्या गडबडीत अक्का एक गोष्ट विसरत नाहीत. स्वयंपाक झाला की त्या आधी आमचा वाटा काढून ठेवतात, मग देवापुढे नैवेद्य दाखवतात. मी हे कधी मागितलेलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे असंच आहे.

समजा, त्यांनी वाटा वेगळा काढला नसता, तर? बायबलमधलं, करिंथच्या मंडळीला (तिथल्या ख्रिस्ती लोकांना) प्रेषित पौलाने लिहिलेलं पहिलं पत्र घ्या, आठवा आणि दहावा अध्याय. त्या गावात बाजारात येणारं मांस पुष्कळदा देवळात वाहिलेल्या जनावराचं असे, त्यामुळे तुमचा प्रश्न तिथे रोजच्या जेवणाचा होता. पौलाचं उत्तर एका वाक्यात मावणारं नाही. मूर्ती काहीच नाही, देव एकच, हे तो आधी सांगतो. मग म्हणतो, विश्वास न ठेवणाऱ्या कोणी जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं, तर पुढ्यात येईल ते खा, चौकश्या करत बसू नका. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नका, आणि तेही त्या सांगणाऱ्याच्या विवेकाचा विचार करून. शिवाय, माझ्या खाण्याने दुबळ्या भावाला अडखळण होत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही, असंही तो लिहितो. ही शेवटची अट आमच्या घरात आजही पाळावी लागते. माझ्या जाऊबाई वाहिलेलं तर सोडाच, वाहिल्याचा संशय असलेलंही तोंडात घालत नाहीत. त्या आलेल्या असल्या (हल्ली पुन्हा येऊ लागल्यात, त्याबद्दल पुढे) की अक्कांचं ताट मी झाकून ठेवते आणि त्यांच्यासमोर काढत नाही. अक्कांनाही ते ठाऊक आहे, त्यांना त्याचं काही वाटत नाही.

आता सुवार्तेचं. मी अक्कांना काहीच सांगितलं नाही, असं तुम्ही धरून चाललात. सासूबाई गेल्या त्या रात्री अक्का आमच्याकडेच होत्या. सकाळी पेटी आली. लिंगायतांतही दफनच करतात, त्यामुळे मातीचं त्यांना नवल नव्हतं, पण त्यांच्यात देह बसवून ठेवतात. त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळूच विचारलं, "आडवं का निजवायलेत ओ? बसवत नाहीत तुमच्यात?" मी म्हटलं, आम्ही त्यांना झोपलेलं समजतो, प्रभू येईल तेव्हा उठवेल.

"म्हणजे परत भेटणार म्हणायलाव?"

"हो."

"आणि खरंच वाटायलंय तुम्हाला तसं?"

"वाटतंय, अक्का."

त्यावर त्या म्हणाल्या, "आमच्यात लिंगैक्य म्हणतात. शिवात मिळून गेलं माणूस. मग परत भेटायचं कुठलं?" तेवढ्यात बाहेरून कोणीतरी चहाला हाक मारली आणि आम्ही दोघी कपबश्या काढायला लागलो. नंतर कित्येक दिवसांनी, शेंगा सोलत बसलो असताना, त्यांनीच तो विषय पुन्हा काढला आणि तेव्हा आम्ही तासभर बोललो. काय बोललो ते इथे लिहिणार नाही. ते आमच्या दोघींतलं आहे.

पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, सांगितलंय की तुमच्या आशेविषयी जो कोणी विचारील त्याला उत्तर द्यायला सदा तयार असा, आणि ते सौम्यपणे द्या. विचारायला माणूस तितका जवळ यावा लागतो. मनात हिशेब ठेवून केलेली मैत्री समोरच्याला दोन दिवसांत कळते, आणि मग तो विचारायचा थांबतो. आपल्या लोकांवर हल्ली काय आरोप होतो ते तुम्हाला मी सांगायला नको: हे डबे देतात, दवाखान्यात भेटायला येतात, ते सगळं गळाला लावण्यासाठी. तुमच्या सल्ल्याप्रमाणे मी वागले तर आरोप करणाऱ्यांच्या हातात पुरावा दिल्यासारखं होईल. मात्र विश्वास झाकून ठेवणंही मला जमत नाही. योहानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू शिष्यांना दास म्हणत नाही, मित्र म्हणतो, कारण पित्याकडून ऐकलेलं सगळं त्याने त्यांना कळवलं. मित्रापासून लपवाछपवी नसते. आम्ही जेवणाआधी प्रार्थना करतो ती अक्का समोर असल्या तरी करतो, नेहमीच्या आवाजात करतो.

टिळकांचं म्हणाल तर उदाहरण तुम्ही निवडलंत ते माझ्याच बाजूचं आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ ला झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला १९०० साली. मधली काही वर्षं तर नवराबायको वेगळे राहिले. पुढे त्या नांदायला आल्या तरी सोवळं त्यांनी लगेच टाकलं नव्हतं. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात त्यांचं स्वयंपाकपाणी वेगळं होतं. जातपात माणसाने केलेली आहे, हे त्यांचं त्यांना पटलं तेव्हा त्यांनी ती सोडली, आणि हे सगळं त्यांनी स्वतःच, हसत हसत, लिहून ठेवलंय. ज्यांची भजनं आपण रविवारी म्हणतो त्या माणसाला स्वतःच्या घरात इतकी वर्षं थांबावं लागलं. मी अक्कांच्या बाबतीत कसली घाई करू?

राहिला तुमचा पहिला प्रश्न, यात ख्रिस्त कुठे आहे. याचं उत्तर मूळ लेखात नव्हतं, कारण ते आमच्या घरातलं होतं आणि ह्यांची परवानगी नव्हती. परवा तुमची प्रतिक्रिया ह्यांना वाचून दाखवली, तेव्हा म्हणाले, "लिही. नाव नको घालूस फक्त."

सासऱ्यांनी मिलच्या नोकरीवर बांधलेलं हे घर. ते गेल्यावर दिरांना ते विकायचं होतं, ह्यांना नव्हतं. दीर पुण्याला असतात, त्यांच्याही अडचणी होत्या, हे आज लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा फोनवर जे बोलणं झालं ते भावाभावांत होऊ नये असं होतं. वकिलाची नोटीस आली आणि येणंजाणं थांबलं. सासूबाई मधल्या खोलीत अंथरुणावर. त्या रोज विचारायच्या, धाकटा कधी येणार? आम्ही म्हणायचो, कामात आहे.

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर घ्यायचा विधी, असतो. भाकर मोडण्याआधी पाळकसाहेब प्रत्येकाला आपापली परीक्षा करायला सांगतात. ह्यांनी त्या काळात भाकर घेणं बंद केलं. ट्रे आला की न बघता पलीकडच्याकडे सरकवायचे. मंडळीत अशा गोष्टी लपत नाहीत. उपासना सुटली की कोणीतरी आडून विचारायचंच, साहेबांची तब्येत बरी आहे ना? मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने सांगितलंय, वेदीवर अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे वचन ह्यांना पाठ आहे, रविवारच्या शाळेत त्यांनी ते मुलांना शिकवलंय. पाठ असून काय होतं? घरच्या रात्रीच्या प्रार्थनेत आम्ही सगळ्यांची नावं घेतो. भावाचं नाव ह्यांनी गाळलं. एका रात्री आमच्या मुलीने तिच्या पाळीला काकांचं नाव घेतलं. तिची प्रार्थना संपल्यावर ह्यांनी आमेन म्हटलं नाही. उठून पाणी प्यायला गेले.

असं पुष्कळ दिवस चाललं. मी बोलून पाहिलं, पाळकसाहेब घरी येऊन गेले, उपयोग शून्य.

मग एका संध्याकाळी अक्का सासूबाईंना भरवायला आल्या होत्या. सासूबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि ह्यांनी नेहमीचं उत्तर दिलं. अक्कांनी वाटी खाली ठेवली आणि ह्यांना म्हणाल्या, "किती दिवस सांगणार म्हातारीला असं? रोज रात्री म्हणताव की तुम्ही, आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडलंय म्हणून. भिंतीतनं ऐकू येतंय आम्हाला. सोडलंय का खरं?"

प्रभूची प्रार्थना, येशूने शिष्यांना शिकवलेली. ऋण सोडणं म्हणजे क्षमा करणं. आम्ही ती इतकी वर्षं त्या भिंतीशेजारी बसून म्हणत आलो, आणि पलीकडे एक बाई भाकरी थापता थापता ती ऐकत होती. तुम्ही विचारता, सुवार्ता सांगितलीत का? त्यांना ती आमच्याइतकी पाठ आहे. आम्ही तिच्याप्रमाणे वागतो का, हे विचारायचा हक्क त्यांनी त्या दिवशी वापरला, आणि तो त्यांना मैत्रीमुळे होता. हेच दुसऱ्या कोणी बोललं असतं तर ह्यांनी त्याला दाराबाहेर काढलं असतं.

त्याच आठवड्यात हे सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेले. भावाकडे काय बोलणं झालं ते मला आजही पुरतं माहीत नाही. एवढंच कळलं की पहिला अर्धा तास कोणीच बोललं नाही आणि जाऊबाईंनी दोनदा चहा केला. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी ह्यांनी भाकर घेतली. सासूबाई गेल्या तेव्हा दोघं भाऊ पेटीला खांदा द्यायला होते. घराची वाटणी मात्र अजून झालेली नाही, नोटिशीचे कागद कपाटात आहेत, आणि विषय निघाला की दोघांचे आवाज आजही चढतात. समेट म्हणजे सगळं गोडगोड झालं, असं कोणी समजू नये.

तर ख्रिस्त कुठे होता? मला विचाराल तर त्या संध्याकाळी तो अक्कांच्या तोंडून बोलला. तुम्हाला हे पटणार नाही, कदाचित पाखंडही वाटेल. पण लूकाच्या दहाव्या अध्यायात 'माझा शेजारी कोण?' असं विचारणाऱ्या शास्त्र्याला प्रभूने दाखला दिला तो शोमरोनी माणसाचा. वाटेत लुटून जखमी पडलेल्या माणसाला बघून याजक आणि लेवी (देवळातली सेवा करणारा) बाजूने निघून गेले आणि यहुदी ज्याला परका मानत त्याने जखमा बांधल्या. शेजारधर्म सगळेच पाळतात, हे तुमचं म्हणणं मला कबूल आहे. त्याने ख्रिस्ताचं काय कमी होतं, हे मला समजत नाही. चांगुलपणावर आपल्याच मंडळीचा शिक्का असावा, हा आग्रह दाखल्यात तरी दिसत नाही.

माझा विश्वास मला विचारतो तो प्रश्न वेगळा आहे आणि तो अक्कांबद्दल नाहीच. तो दिरांबद्दल आहे. अक्कांवर प्रेम करायला मला विश्वास लागत नाही, त्या आहेतच तशा. दिरांच्या ताटात वाढताना मात्र मला आजही आधी मनातल्या मनात दोन शब्द प्रार्थनेचे म्हणावे लागतात.

तुम्ही लिहिलंत की अक्कांना एकदा तरी चर्चला आणा. त्या दर नाताळाला येतात. शेवटच्या बाकावर बसतात, गाणी संपून उपदेश सुरू झाला की उठतात, कारण घरी दूध तापवायचं असतं. आमच्या मंडळीतही असे पुष्कळ आहेत, त्यांना तर दुधाचं कारणही नसतं.

आणि तो फोटो. तो अक्कांच्या नातवाचा आहे, पहिल्यांदा बाराबंदी घातली तेव्हाचा. त्याच्या आईवडलांना विचारून मी तो टाकला होता. तुमच्या सांगण्यावरून काढणार नाही. पण पोरगा आता आठवीत गेलाय आणि त्यालाच तो आवडेनासा झालाय, फार बारीक दिसतो म्हणे. त्याने दुसरा पाठवला की बदलीन.