सरांवर पहारा कशाला?

19 डिसेंबर, म्हणजे गोवा मुक्तिदिन, जवळ आला की गोव्यात इतिहासाच्या प्राध्यापकांवर तोंडसुख घेणं सुरू होतं. एका गटाला ते पोर्तुगिजांचे भाट वाटतात, दुसऱ्याला गोव्याची वेगळी ओळख पुसायला निघालेले. सर बोलतात आणि मुलं माना डोलावतात, हे मात्र दोघांनीही धरूनच ठेवलंय. लिस्बनमध्ये बसून हे वाचताना चीड येते. साम्राज्यावरून भांडणं इथेही होतात, बेलेंचं दर्यावर्दी शोधांचं 1960 चं स्मारक त्यातून सुटलेलं नाही. पण निदान तोरे दो तोंबोत, म्हणजे इथल्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात, जाऊन मूळ कागद मागणारे विद्यार्थी इथे दिसतात. पणजीच्या पुराभिलेखागाराची पायरी आपले किती वर्ग चढतात?

1526 चा फोराल, म्हणजे गावांच्या चालीरीती आणि करांची सनद, घ्या. गोवा शहर 1510 मध्ये पोर्तुगिजांच्या हाती पडलं, त्यानंतर आफोंसो मेशियाने गावकारीच्या, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या गावकारांच्या संस्थेच्या, चालीरीती लिहवून घेतल्या. मजकुराआधी मुलांना विचारायचं: लिहवणारा कोण? खजिन्याचा अधिकारी. कशासाठी? महसुलासाठी. मग पडीक जमीन कोण देतो, कराची जबाबदारी कुणावर, हे शोधायला लावायचं. वर्ग इथेच घसरतो. काही म्हणतात पोर्तुगिजांनी कायदा दिला, काही म्हणतात नुसती लूट. कागदातल्या चाली मात्र पोर्तुगीज येण्याआधीच्या आहेत. शिवाय त्यात बोलतात ते गावकार. कसणाऱ्या कुळाची बाजू तिथे नाही. शेजारी 1961 चा कोमुनिदाद कोड, म्हणजे याच गावकारींचा पोर्तुगीज कायदा, ठेवला, की घरी झोण, म्हणजे गावकाराचा उत्पन्नातला वाटा, येणाऱ्या मुलाला आपला गाव दोन्ही झेंड्यांहून जुना आहे हे स्वतःच कळतं.

दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीचं 1583 चं प्रकरण जास्त अवघड. पाच जेजुइट, म्हणजे ख्रिस्ती मिशनरी, मारले गेले त्याचे कागद आहेत, पण ते जेजुइटांच्या बाजूचे. नंतर पोर्तुगिजांनी असोळण्याला बोलावून मारलेल्या गावकारांची बाजू गावाच्या आठवणीत शोधावी लागते. म्हणून आधी कागद वाचून घ्यायचा, मगच मुलांना कुंकळ्ळीला न्यायचं. उलट केलं तर मुलं कागदात फक्त आपला राग शोधतात. सोळाव्या शतकातलं संक्षेपांनी भरलेलं हस्ताक्षरही थेट हातात देऊ नये. छापील प्रतीपासून सुरुवात करावी. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज राजवटीतच जुने कागद छापायचं काम केलं. ते मराठीतही लिहीत.

माझं नाव आता गोव्याच्या मतदार यादीत नाही. गोवा माझा म्हणायला माझ्याकडे हे कागदच उरलेत, म्हणून इतकं लागतं. विद्यापीठाने बीएच्या शेवटच्या वर्षी पुराभिलेखागारातला एक कागद वाचून दाखवायला 20 गुण ठेवावेत. सरांनी वर्गात काय म्हटलं याची चौकशी नंतर करा.